अरण्याची नांगरणी

मृग नक्षत्र लागण्याच्या आधी जो वादळी पाऊस येतो, त्यात एखादा जुना निंब किंवा बाभळीचे थोर झाड मुळासकट उन्मळून पडलेले आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. सकाळी मुले तेथे जमतात, मोठी माणसे लाकूड किती निघेल याचा अंदाज करू लागतात, आणि दोन-चार दिवसांत कुऱ्हाड व करवत यांच्या योगाने त्या वृक्षाचा मागमूसही उरत नाही. या गडबडीत एका गोष्टीकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. ती म्हणजे झाड जेथे उभे होते तेथे पडलेला खड्डा, आणि मुळांच्या जाळ्यात अडकून त्या खड्ड्याच्या काठी उभी राहिलेली मातीची भिंत. लाकडाचे मोजमाप होते. मातीचे मोजमाप कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात त्या मातीचीच हकीकत सांगण्याचा विचार आहे.

आपला मुलूख कास्तकारांचा. जमीन उलथल्यावाचून तिचा कस टिकत नाही, हे येथे लहान मुलासही ठाऊक असते. पऱ्हाटी निघाली की नांगर धरावा, उन्हाळ्यात ढेकळे तापू द्यावी, पावसाच्या तोंडावर वखर फिरवावा, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. परंतु अरण्यात नांगर कोण धरतो? तेथे हजारो वर्षे कोणी मशागत केलेली नसते, खताची गाडी गेलेली नसते. तरीही तेथे एकामागून एक वृक्षांच्या पिढ्या पोसल्या जातात. याचे उत्तर असे की, अरण्य आपली नांगरणी आपणच करते. त्याचा एक मोठा नांगर म्हणजे मरणारा वृक्ष होय. हा नांगर इतक्या सावकाश चालतो की, त्याचे एक तास पुरे होण्यास माणसाचे आयुष्य अपुरे पडते. म्हणूनच तो पुष्कळ काळपर्यंत कोणाच्या नजरेस आला नाही.

प्रथम ही क्रिया कशी घडते ते पाहू. विहीर खणताना जमिनीचे थर आपणांस उघडे दिसतात. सर्वांत वर काळसर, मऊ, पालापाचोळा कुजून कसदार झालेली माती, तिच्याखाली फिकट व घट्ट माती, त्याखाली मुरूम, आणि अखेरीस अभंग पाषाण. वरच्या थरात मुळे, किडे, बुरशी यांची गजबज असते. परंतु पावसाचे पाणी झिरपत असता त्या थरातील पुष्कळ उपयुक्त द्रव्ये विरघळवून खाली नेत असते. हा क्रम शतकानुशतके अबाधित चालला, तर वरची माती हळूहळू निःसत्त्व व आंबट होत जाते. थंड आणि ओल्या देशांतील कित्येक जुन्या जमिनींत तर वरच्या थराखाली राखेसारखा फिकट पट्टा स्पष्ट दिसतो. पाण्याने धुऊन नेलेल्या मातीची ती खूण होय.

आता अशा जमिनीवर दोनशे वर्षे उभा असलेला एखादा वृक्ष वाऱ्याने उन्मळतो असे समजा. पडताना तो आपल्या मुळांचे ताट उचलतो. त्या ताटाबरोबर वरची माती तर येतेच, पण खालची फिकट माती, मुरूम आणि कित्येकदा मोठमोठे धोंडेही उजेडात येतात. पुढे मुळे कुजतात, पावसाने माती सुटते आणि खड्ड्याच्या एका अंगास ओघळून तिचा उंचवटा बनतो. या उलाढालीत थरांचा क्रम मोडतो. खालचे वर येते, वरचे खाली दबते, आणि जी द्रव्ये मुळांच्या आवाक्याबाहेर गेली होती ती पुन्हा नव्या रोपांच्या हाती लागतात. कास्तकार खोल नांगरट करून जे साधतो, तेच येथे एका वृक्षाच्या पतनाने साधते.

खड्डा आणि उंचवटा यांचे स्वभाव निरनिराळे असतात. खड्ड्यात पाने साचतात, पाणी मुरते, ओल टिकते. तेथे माती लवकर जाड व काळी होते. उंचवट्यावर पाने ठरत नाहीत, ऊन लागते, माती उघडी राहते. ज्या वृक्षांचे बी अगदी बारीक असते, त्यांच्या अंकुराला जाड पाचोळा भेदून जमिनीपर्यंत मूळ पोहोचविणे कठीण जाते. अशा बियांस हा उघडा उंचवटा म्हणजे जणू तयार केलेला वाफाच होय. पडलेले खोडही वाया जात नाही. ते ओल धरते, त्यावर शेवाळ चढते आणि त्याच्या पाठीवर नवी रोपे ओळीने उगवतात. पुढे खोड कुजून नाहीसे झाले म्हणजे ती झाडे, पायांखालचा पाट काढून घेतल्याप्रमाणे, उंच मुळांवर उभी राहिलेली दिसतात. एका वृक्षाच्या मरणाने वर आकाशाला खिडकी पडते आणि खाली जमिनीला वाफा मिळतो. या दोन्ही गोष्टी एकाच जागी व एकाच वेळी घडतात, यातच अरण्याच्या चिरंजीवित्वाचे रहस्य आहे.

हे सर्व नीट पाहावयाचे, तर पडलेले झाड जेथून कोणी उचलून नेत नाही असे अरण्य पाहिजे. अशी अरण्ये पृथ्वीवर फार थोडी उरली आहेत. त्यांपैकी काहींचा कसून अभ्यास युरोपच्या मध्यभागी झाला आहे. ज्या देशास आज चेक प्रजासत्ताक म्हणतात, त्याच्या दक्षिणेस, ऑस्ट्रियाच्या सरहद्दीलगतच्या डोंगरांत, झोफिन नावाचे एक जुने अरण्य आहे. हा प्रदेश समशीतोष्ण कटिबंधात मोडतो. तेथे हिवाळ्यात बर्फ पडते, आणि बीच, स्प्रूस व फर या जातींचे वृक्ष राज्य करतात. एकोणिसाव्या शतकात हा मुलूख बुक्वा घराण्याच्या जहागिरीत होता. काचेच्या भट्ट्यांस व शहरांस लाकडाची तहान मोठी, आणि डोंगरामागून डोंगर तोडले जात होते. अशा काळात, इ. स. १८३८ मध्ये, त्या घराण्यातील काउंट गेओर्ग बुक्वा याने झोफिनच्या अरण्यातील वृक्ष तोडू नयेत अशी आज्ञा केली. हा गृहस्थ सरदार असून गणित व पदार्थविज्ञान यांचा व्यासंगी होता. मूळचे अरण्य कसे असते हे पुढील पिढ्यांस पाहावयास मिळावे, हा त्याचा हेतू होता. त्याच देशात बौबिन नावाच्या डोंगरावर योसेफ जॉन नामक वनाधिकाऱ्याने जुन्या अरण्यात मोजणीच्या जागा आखल्या, आणि १८५८ मध्ये तेथील अरण्याचा गाभा संरक्षित करण्यात आला. बौबिन येथे एक स्प्रूस वृक्ष होता; लोक त्यास स्प्रूसांचा राजा म्हणत. त्याची उंची ५७ मीटरांहून अधिक व वय सुमारे ४४० वर्षे होते. १९७० मध्ये तो पडला. त्याचे लाकूड विकले गेले नाही. तो जेथे पडला तेथेच त्याला राहू देण्यात आले.

संरक्षण झाले, पण ज्ञान होण्यास मोजणी पाहिजे. झोफिनच्या अरण्यात १९७५ मध्ये सुमारे ७४ हेक्टरांतील प्रत्येक वृक्षाची जागा नकाशावर मांडण्यात आली. दहा सेंटिमीटरांहून जाड असे एकही खोड त्यातून सुटले नाही. मेलेले, उभे वाळलेले व आडवे पडलेले वृक्षदेखील नोंदले गेले. हीच मोजणी १९९७ मध्ये व पुन्हा २००८ मध्ये करण्यात आली. ज्यांनी पहिला नकाशा काढला, त्यांच्या हयातीत त्याचे पूर्ण फळ हाती येणे शक्यच नव्हते. परंतु नंतरच्या लोकांनी तोच नकाशा पुढे ठेवून एकेका झाडाचा शोध घेतला. हे झाड वाढले, ते मोडले, ते उन्मळले, आणि येथे पूर्वी नव्हते ते उगवले, असा त्या अरण्याचा ताळेबंद तयार झाला.

या ताळेबंदाने काही जुन्या समजुती खोट्या ठरविल्या. जुने अरण्य म्हणजे स्थिर अरण्य, असे पूर्वी मानीत. प्रत्यक्षात तेथे फर वृक्ष कमी होत गेले आणि बीच वाढत गेले. हरणांसारखे प्राणी फरची कोवळी रोपे आवडीने खातात, हे त्याच्या कारणांपैकी एक होय. दुसरी गोष्ट अशी की, अरण्याचे मरण दोन प्रकारचे असते. एरवी वृक्ष एकेकटे मरतात. आज येथे एक, उद्या तेथे एक. परंतु मधूनच एखादी रात्र अशी येते की, कित्येक वर्षांचे मरण ती एकटीच उरकते. १८ जानेवारी २००७ रोजी किरिल नावाचे प्रचंड वादळ युरोपवरून गेले, तेव्हा झोफिनच्या अरण्यात पुष्कळ जुने वृक्ष आडवे झाले. इतर ठिकाणी अशी झाडे ताबडतोब उचलली जातात. येथे ती तशीच राहिली, म्हणून त्यानंतर माती कशी ढासळते, खड्डे कसे भरतात आणि नवी रोपे कोठे उगवतात, हे पाहण्याची संधी मिळाली.

मोजणी सुरू होण्यापूर्वी जे वृक्ष पडले, त्यांची तिथी कशी काढावयाची, असा प्रश्न चतुर विद्यार्थी विचारील. त्याला तीन प्रकारचे साक्षीदार आहेत. पहिला साक्षीदार शेजारचा वृक्ष. मोठे झाड पडून उजेड आला की शेजारचे दबलेले झाड एकदम जोमाने वाढू लागते, आणि त्याच्या खोडातील वार्षिक वलये त्या वर्षापासून रुंद होतात. दुसरा साक्षीदार उंचवट्यावर उगवलेले झाड. त्याचे वय जितके, निदान तितका तरी तो उंचवटा जुना असलाच पाहिजे. तिसरा साक्षीदार मातीत गाडले गेलेले लाकूड व कोळसा. त्यातील किरणोत्सर्गी कार्बनाचे प्रमाण काळाबरोबर घटत असल्यामुळे, त्यावरून शेकडो व हजारो वर्षांचे गणित मांडता येते. या रीतींनी पाहता मध्य युरोपात शेकडो वर्षांपूर्वी पडलेल्या वृक्षांचे उंचवटे आजही ओळखू येतात. आणि अमेरिकेतील मिशिगन प्रांताच्या रेताड जमिनीवरील काही उंचवटे तर हजारो वर्षांपूर्वीचे असावेत, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. ज्या वृक्षाने ती माती उलथली त्याचा कणही उरलेला नाही, परंतु त्याच्या पडण्याची खूण जमिनीने जपून ठेविली आहे.

याच नोंदींवरून अरण्याची सबंध जमीन एकदा उलथण्यास किती काळ लागतो, याचाही हिशेब करता येतो. हिशेब साधा आहे. समजा, शंभर वर्षांत पडलेल्या वृक्षांनी एकंदर जमिनीचा दहावा हिस्सा उलथला. तर त्याच गतीने सर्व जमीन उलथण्यास एक हजार वर्षे लागतील. झोफिनसारख्या अरण्यांत हा काळ हजार वर्षे किंवा त्याहून अधिक भरतो. अर्थात काही जागा दोनदा उलथतील, तर काही अनेक सहस्रके तशाच राहतील. त्यामुळे अशा अरण्याची जमीन म्हणजे ठिगळांची गोधडी असते. एके ठिकाणी माती जुनी व थकलेली, तर दहा पावलांवर तीच ताजी व अर्धवट घडलेली. या विविधतेमुळेच निरनिराळ्या स्वभावाच्या वृक्षांस एकाच अरण्यात नांदता येते.

आता आपल्या देशाकडे वळू. थंड देशातील नियम आपल्या उष्ण व कोरड्या मुलखास जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. आपल्याही राज्यात वृक्ष वादळाने उन्मळतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा तेथील नारळी-पोफळीच्या बागा व गावोगावचे आंब्या-फणसाचे जुने वृक्ष मुळांसकट उलथून पडले. परंतु वऱ्हाडातील पानझडी अरण्यांत साग, सालई, धावडा, ऐन यांसारखी झाडे पुष्कळदा उभ्याउभ्याच वाळतात. कधी दुष्काळ, कधी वणवा, तर कधी कुऱ्हाड त्यांचा अंत करते. मग येथे जमीन कोण उलथतो?

येथील नांगर लहान आहेत, पण त्यांची संख्या अगणित आहे. सर्वांत मोठा मान वाळवीचा. ती पडलेले लाकूड फस्त करते आणि जमिनीच्या पोटातील बारीक माती कणाकणाने वर आणून वारूळ रचते. पुढे ते वारूळ पावसाने झिजते आणि ती माती आसपास पसरते. अस्वल वाळवीच्या लोभाने वारुळे उकरते. रानडुक्कर कंदांसाठी जमीन नांगरल्यासारखी करून टाकते. गांडुळांच्या कामाचे मोल चार्ल्स डार्विन या थोर शास्त्रज्ञाने जगास दाखवून दिले. १८८१ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्याच वर्षी, त्याने गांडुळांवर एक सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडातील पुष्कळ भागांत दर एकरी दरसाल दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा हिशेब त्याने त्यात मांडला आहे. आणि आपली काळी जमीन तर एका अर्थाने स्वतःच स्वतःला उलथते. उन्हाळ्यात ती आकसून तिला खोल भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत उतरते. पाऊस पडताच जमीन फुगते व खालची माती वर रेटली जाते. काळ्या पाषाणापासून घडलेल्या विशिष्ट चिकणमातीचा हा गुण आहे. वावरातील भेगेत खडा टाकून पाहणाऱ्या मुलाने ही नांगरणी, नकळत का होईना, पाहिलेली असते.

वृक्षांची दीर्घकालीन मोजणीही आपल्या देशात चालू झालेली आहे. निलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलाई येथे, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक रामन सुकुमार व त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये पन्नास हेक्टर अरण्य आखून घेतले आणि त्यातील प्रत्येक लहानमोठ्या झाडास क्रमांक दिला. पहिल्या मोजणीत ही संख्या सुमारे २६ हजार भरली. दरसाल कोणती झाडे मेली आणि कोणती नवी आली हे तेथे नोंदले जाते, व ठराविक वर्षांनी खोडांचा घेर मोजला जातो. तेथील साग, ऐन व धावडा हे आपल्या मेळघाटातीलही वृक्ष आहेत. तेथे वाऱ्यापेक्षा हत्ती आणि वणवा हेच वृक्षांच्या मरणाची मोठी कारणे आहेत, असे त्या नोंदींवरून दिसून आले. झोफिनमध्ये जे काम वादळ करते ते मुदुमलाईत हत्ती करतो, ही गोष्ट मोजणीवाचून निश्चयाने कोण सांगू शकले असते?

आपल्या महाराष्ट्रातही झोफिनच्या वाटेवरचे एक अरण्य आहे. गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीजवळ सहा हेक्टरांचा एक तुकडा १९५३ पासून न तोडता राखून ठेवण्यात आला. लोक त्यास वनवैभव म्हणतात. २०१४ मध्ये तो राज्यातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. सहा हेक्टर म्हणजे पंधरा एकर. एखाद्या बऱ्यापैकी कास्तकाराच्या वावराएवढी ही जागा. तीवरील साग पाहून, पूर्वीची अरण्ये कशी असतील याची कल्पना येते. सागाच्या खोडात वार्षिक वलये स्पष्ट उमटतात, हेही आपले भाग्य होय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी सागाच्या वलयांवरून गतकाळच्या पर्जन्यमानाचा अभ्यास केला आहे. जेथे लेखी नोंद नाही तेथे वृक्षाने आपली वही राखलेली असते. मात्र ती वाचण्यासाठी वृक्ष पुष्कळ वर्षे जगू दिला पाहिजे.

येथे एक शंका उद्भवते. उन्मळलेल्या वृक्षाने व रानडुकराने माती उलथणे चांगले, तर मग आपल्या डोंगरांवरील माती पावसाने हलते त्याबद्दल खेद कशासाठी? याचे उत्तर हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. उलथणे वेगळे आणि वाहून जाणे वेगळे. जुन्या अरण्यात एक वृक्ष पडतो तेव्हा त्याच्या सभोवती शेकडो वृक्ष उभे असतात. त्यांची मुळे जमीन धरून ठेवतात, त्यांची पाने पावसाचा मारा झेलतात, आणि पडलेले खोड उतारावर बांधासारखे आडवे होऊन ओघळणारी माती अडवते. त्यामुळे हललेली माती दोन-चार हातांवरच पुन्हा स्थिरावते. ती जागा बदलते, पण घर सोडीत नाही. याउलट, जेथे सर्वच वृक्ष एकाच वेळी नाहीसे झाले तेथे पावसाचा थेंब सरळ जमिनीवर आदळतो, आणि सुटलेल्या कणाला वाटेत अडविणारे काहीच राहत नाही.

आपल्या खामगाव तालुक्यातून वाहणारी ज्ञानगंगा बुलढाण्याच्या डोंगरांतून उतरते व पूर्णेस मिळते. पूर्णा तापीस मिळते, आणि तापी सुरतेजवळ समुद्रास मिळते. पहिल्या पुराचे पाणी गढूळ होऊन येते, त्याचा रंग म्हणजे डोंगरावरून निघालेली माती होय. जी माती घडण्यास शतके लागली, ती एका पावसाळ्यात पूर्णेच्या मार्गास लागते, आणि गेलेली माती कोणताही नांगर परत आणू शकत नाही. याच डोंगरांत १९९७ पासून ज्ञानगंगा अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर असून अस्वलांसाठी ते प्रसिद्ध आहे. तेथील अरण्य झोफिनसारखे अस्पर्श नाही. पिढ्यान् पिढ्या त्यातून लाकूड, चारा व जळण निघाले आहे. परंतु जखम भरू दिली तर भरते. तेथे वाळून पडलेले झाड म्हणजे केरकचरा नव्हे. ते वाळवीचे अन्न, अस्वलाचे कोठार, मातीचा बांध आणि पुढील रोपाचा वाफा आहे. ज्या घरी चूल जळणावर पेटते त्या घरास हा उपदेश सोपा वाटणार नाही, याची प्रस्तुत लेखकास जाणीव आहे. म्हणून एवढेच म्हणणे आहे की, वावरातील किंवा धुऱ्यावरील पडलेल्या झाडाचे लाकूड खुशाल घरी न्यावे. परंतु त्याच्या खड्ड्यात पालापाचोळा व शेणखत घालून त्याच पावसाळ्यात नवे रोप लावावे. वृक्षाने मरताना जमीन तयार करून दिलेली असते. ती वाया घालवू नये. आणि अभयारण्यातील पडलेला वृक्ष मात्र अरण्याचा समजून तेथेच राहू द्यावा.

शेवटी विद्यार्थ्यांस एक सूचना करावीशी वाटते. आपल्या गावाच्या नावातच पिंपळ आहे. परंतु गावात, शाळेच्या आवारात व नदीकाठी आज किती पिंपळ, वड, निंब व चिंचा उभ्या आहेत, त्यांचा घेर किती, आणि मागील वीस वर्षांत कोणकोणते वृक्ष कोणत्या कारणाने गेले, याची लेखी नोंद आपणांपैकी कितीजण दाखवू शकतील? वरच्या वर्गातील मुलांनी या वर्षी एक जाड वही घालावी. गावाचा ढोबळ नकाशा काढून प्रत्येक जुन्या वृक्षास क्रमांक द्यावा. जमिनीपासून सुमारे सव्वाचार फुटांवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, दोरीने त्याचा घेर मोजावा व तो सेंटिमीटरांत लिहावा. तारीख, जागा, वृक्षाची प्रकृती, पोकळी, वाळलेल्या फांद्या आणि खोडाशी असलेली वारुळे यांचीही नोंद करावी. एखादा वृक्ष पडला तर त्यास वहीतून खोडून टाकू नये. तो मोडला की उन्मळला, कोणत्या दिशेस पडला, आणि त्याच्या खड्ड्याची लांबी, रुंदी व खोली किती, हे त्याच्याच क्रमांकापुढे लिहावे. त्या खड्ड्यात पुढे काय उगवते, हेही पाहत जावे. घरातील आजी-आजोबांस विचारून पूर्वी गेलेल्या वृक्षांची माहिती वेगळ्या पानावर उतरून घ्यावी. ही माहिती फार दिवस मिळत राहणार नाही.

पहिल्या वर्षी या वहीत काही विशेष दिसणार नाही. पाच वर्षांनी थोडे दिसेल. वीस वर्षांनी, आज जे विद्यार्थी मोजणी करतील त्यांची मुले याच शाळेत शिकू लागतील, तेव्हा ती वही बोलू लागेल. काउंट बुक्वाने आज्ञा दिली त्यानंतर १३७ वर्षांनी झोफिनच्या झाडांचा नकाशा तयार झाला, आणि त्यावरून माती उलथण्याचा हिशेब मांडणारे तर आणखी पुढच्या पिढीतील. त्यांतील कोणालाच सबंध काम आपल्या डोळ्यांनी पुरे झालेले पाहावयास मिळाले नाही. तरी प्रत्येकाने आपापला वाटा चोख केला, म्हणून शेवटच्यास हिशेब लागला. ही वही शाळेच्या कपाटात ठेवावी, व दर वर्षी शाळा सोडून जाणाऱ्या वर्गाने ती मागून येणाऱ्या वर्गाच्या हाती द्यावी.